ब्लड पॅरटची ‘ब्रीडिंग पेअर’: अंडी मिळतात, पिल्ले मिळत नाहीत

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही गावातले शोभेच्या माशांचे दुकान घ्या, ब्लड पॅरट तिथे बहुधा दिसतोच. टोमॅटोसारखा गोल, केशरी-लाल, आणि पोपटाच्या चोचीसारखे कधीच पुरते न मिटणारे तोंड. हे परीक्षण सुट्या माशाचे नाही. बाजूच्या लहान टाकीत दोनच मासे वेगळे ठेवलेले असतात, काचेवर ‘ब्रीडिंग पेअर’ किंवा ‘प्रूव्हन पेअर’ अशी चिठ्ठी असते आणि दर दोन सुट्या माशांपेक्षा बराच चढा असतो, त्या जोडीचे हे परीक्षण आहे. जोडीबरोबर बहुतेक वेळा निळ्या औषधाची एक बाटली आणि ‘ब्रीडिंग बूस्टर’ म्हणून थेंबांची दुसरी बाटलीही गळ्यात मारली जाते. त्या दोन्ही बाटल्यांचाही हिशोब इथे आहे.

निकाल आधीच सांगतो. पाळायला मासा उत्तम, जोडी म्हणून जादा पैसे देऊ नका. ‘महिन्याभरात अंडी घालतील’ हे दुकानदाराचे बोलणे बहुधा खरे ठरते. गिऱ्हाईक फसते ते तिथेच, कारण या माशात अंडी घालणे आणि पिल्ले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्लड पॅरट जगातल्या कुठल्याच नदीत सापडत नाही. 1980 च्या दशकात तैवानमध्ये मध्य अमेरिकेतल्या, सिक्लिड या मत्स्यकुळातल्या दोन जातींच्या संकरातून तो तयार झाला. पैदास करणाऱ्यांनी आई-बाप कोण ते कधी अधिकृतपणे उघड केले नाही, तरी मायडास सिक्लिड आणि रेडहेड सिक्लिड हे उत्तर जाणकारांत सर्वात जास्त मान्य आहे. यांतले बहुतेक नर वांझ असतात. माद्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येते.

आधी मासा म्हणून. विकत घेताना तोंड बघा. ते त्रिकोणी आणि उघडे असणे हा रोग नाही, जातीचा दोषच आहे. पण मासा गोळी उचलून घशातल्या दातांनी चुरतो की पुन्हा पुन्हा थुंकतो, हे दुकानात चार दाणे टाकायला लावून बघा. पाण्यावर तरंगणारा मोठा दाणा याला नीट धरता येत नाही. हळूहळू बुडणारा 2-3 मिमीचा दाणा हवा. शेपटीच नसलेला, ‘हार्ट पॅरट’ म्हणून विकला जाणारा मासा घेऊ नका. ती शेपटी लहानपणी कापलेली असते. जांभळे, हिरवे, निळे पॅरट हे रंग टोचलेले किंवा रंगवलेले असतात. काही महिन्यांत रंग उतरतो, आणि टोचण्यातून झालेला संसर्ग अनेकदा मासा घेऊन जातो. असा माल ठेवणाऱ्या दुकानातून इतर मासेही न घेतलेले बरे.

दोन माशांना 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी लागते, म्हणजे साधारण 255 लिटरची. दुकानदार 2 फुटी टाकीही ‘चालेल’ म्हणतो. सहा महिने चालते, मग दोघांतला दबलेला मासा कोपऱ्यात उभा राहू लागतो आणि त्याचे पंख फाटलेले दिसतात. पाणी 26 ते 28 अंश, पीएच 7 च्या आसपास. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ असते आणि पावसाळ्यात आणखी आम्ल होते. जुलै-ऑगस्टमध्ये पीएच 6 च्या खाली घसरला की गाळणीतले उपयोगी जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. यावर उपाय स्वस्त आहे. कालवांच्या शिंपल्या उकळून, खारटपणा जाईपर्यंत दोन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, जाडसर कुटायच्या आणि दोन मुठी चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचा. पीएच सावकाश वर येऊन स्थिर होतो. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, याबाबतीत तडजोड नको.

एवढे सांभाळले की हा मासा दहा वर्षे सहज जगतो, माणूस ओळखतो, काचेपाशी येऊन खायला मागतो. इथवर कसलीच तक्रार नाही.

आता जोडी. टाकीत उपडी कुंडी किंवा मंगलोरी कौलाचा तुकडा तिरका ठेवला की चांगले खाल्लेली मादी तीन-चार आठवड्यांत तो घासून साफ करू लागते. मग दोघे अंगाला अंग लावून थरथरतात. मादी कौलावर पोट टेकवत सरकते आणि मागे अंड्यांची ओळ चिकटत जाते. नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून, तशाच थरथरीने जातो. तास-दीड तासात काहीशे अंडी होतात, मधाच्या रंगाची आणि अर्धपारदर्शक. रात्री टॉर्च मारला तर दोघे आळीपाळीने पंखांनी पाणी घालताना दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा अंडी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी झालेली असतात. मादी ती एकेक करून उचलते. संध्याकाळपर्यंत अर्धे कौल पांढरे होते, तिसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी दिसते आणि उरलेली सगळी अंडी आई-बापच खाऊन टाकतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

दुकानात विचारले की दोन उत्तरे मिळतात: ‘पहिली दोन-तीन वेळ अशीच जातात’ आणि ‘पाण्यात फंगस आहे, औषध टाका’. पहिले उत्तर इतर सिक्लिडच्या नव्या जोडीला खरेच लागू पडते. नवशिका नर चुकतो, घाबरलेली मादी अंडी खाते. पण त्या जोड्यांत पहिल्या घाण्यातही बहुधा थोडी अंडी फळतात. पाच-पाच वेळा एकूण एक अंडे पांढरे पडत असेल तर कारण सवयीत नसते. दुसरे उत्तर मात्र उलटे आहे. बुरशीची सुरुवात जिवंत अंड्यावर होत नाही, ती मेलेल्या अंड्यावर उगवते आणि मग शेजारच्यात पसरते. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, हे पसरणे थांबवते. न फळलेले अंडे ते फळवू शकत नाही.

मग नर करतो काय? विणीच्या वेळचे त्याचे सगळे वागणे संप्रेरकांवर चालते, आणि ती संप्रेरके वृषणातल्या ज्या पेशी तयार करतात त्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशींपेक्षा वेगळ्या असतात. पहिल्या शाबूत आणि दुसऱ्या अपयशी, अशी स्थिती संकरित नरात सहज असू शकते. म्हणून तो जागा साफ करतो, थरथरतो, अंड्यांची राखण करतो, फक्त कामाचे शुक्राणू नसतात. मादीचेही तसेच. अंड्यातला बलक यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनापासून बनतो आणि तो हुकूम संप्रेरकांचा असतो. आतले केंद्रक निर्दोष आहे का, हे तपासून अंडे बाहेर पडत नाही. अंडी दिसली म्हणजे संप्रेरके ठीक आहेत एवढेच सिद्ध झाले. ‘प्रूव्हन’ या चिठ्ठीचा अर्थ तेवढाच.

वांझपणाचे मूळ त्याहून खोल आहे. शरीराच्या साध्या वाढीत पेशी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करून दोन भाग करते. आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र एकमेकांना ओळखण्याची तिथे गरज पडत नाही. म्हणून संकरित प्राणी धडधाकट वाढतो, खेचर तर घोड्यापेक्षा काटक निघते. पण शुक्राणू किंवा अंडे बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करायची असते. त्यासाठी आईचे आणि बापाचे समान गुणसूत्र शेजारी येऊन टोकापासून टोकापर्यंत जुळावे लागते, तुकड्यांची अदलाबदल व्हावी लागते आणि मगच ती दोन बाजूंना जातात. ही जुळणी फसली की पेशी काम थांबवते आणि मरते.

खेचराचे उदाहरण सगळ्यांना माहीत असते: घोड्याची 64 गुणसूत्रे, गाढवाची 62, खेचराची 63. त्यावरून ‘विषम आकडा म्हणून वांझ’ असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीची गुणसूत्रे 50, ईशान्येकडच्या दलदली म्हशीची 48, आणि त्यांच्या संकराची 49. तरीही तो संकर वितो, कारण दलदली म्हशीत दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झालेली आहेत. मजकूर तोच असल्याने ते एक आणि समोरची दोन अशी तीन गुणसूत्रे मिळून जुळणी साधतात, नराची फलनक्षमता थोडी कमी होते एवढेच. घोडा आणि गाढव यांच्यात मात्र आकड्याबरोबर गुणसूत्रांची मांडणीही ठिकठिकाणी उलटसुलट झालेली आहे. अडचण मुख्यतः तिथे येते.

ब्लड पॅरटमध्ये तर आकड्याचा प्रश्नच बहुधा नाही. मध्य अमेरिकेतल्या बहुतेक सिक्लिडची गुणसूत्रे 48 असतात, 24 इकडून आणि 24 तिकडून. हिशोब जुळतो, तरी नर वांझ. इथे पाहावे लागते ते जनुकांच्या आपसातल्या मेळाकडे.

दोन चिरेखाणी समजा. सुरुवातीला दोन्हीकडे चिरा एकाच मापाचा. पुढे एका खाणीने लांबी थोडी बदलली आणि त्यांच्या गवंड्याने सांध्याची पद्धत तिला साजेशी केली. दुसऱ्या खाणीने जाडी बदलली, तिथला गवंडी तिकडे वळला. दोन्हीकडच्या भिंती पक्क्या उभ्या राहतात. पण दोन्ही खाणींचे चिरे एका भिंतीत मिसळले की थर जुळत नाही. कुठलाच चिरा खराब नसतो. जनुकांचेही तसेच. दोन जाती वेगळ्या झाल्यावर प्रत्येकीत बदल होत जातात आणि ते त्याच घरातल्या इतर जनुकांबरोबर तपासले जातात, परक्या घरातल्या जनुकांबरोबर कधीच नाही. संकरात ती पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि सांधा फसतो. जनुकशास्त्रज्ञ बेटसन यांनी 1909 मध्ये, पुढे डोब्झान्स्की आणि म्युलर यांनी 1930-40 च्या दशकांत हा विचार मांडला. आज तो वांझ संकराचे मुख्य स्पष्टीकरण आहे.

असे एक जनुक प्रत्यक्ष हाती लागले ते उंदरात. घरातल्या उंदराच्या दोन उपजातींच्या संकरात नर वांझ निघतात आणि त्यामागे पीआरडीएम9 नावाचे जनुक आहे, हे 2009 मध्ये दाखवले गेले. गुणसूत्रे जुळताना तुकड्यांची अदलाबदल कुठे करायची, त्या जागा हे जनुक ठरवते. संकरात दोन घरांच्या खुणा एकमेकांशी जुळत नाहीत, तुटलेली जागा दुरुस्त करायला समोर योग्य जोडीदार मिळत नाही आणि शुक्राणूची पेशी अर्ध्यावरच थांबते. आकडा दोन्हीकडे 40. याच कारणाने कुठलाही ‘बूस्टर’ इथे चालत नाही. जीवनसत्त्वे आणि मिनरल थेंब अशक्त मादीला अंड्यावर आणतील, पण पेशीच्या आतली न जुळणारी गुणसूत्रे जुळवणारे औषध बाटलीत नसते. ती बाटली परत करा.

नरच जास्त वांझ का? जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी 1922 मध्ये नोंदवले की संकरात एक लिंग वांझ असेल किंवा जगत नसेल तर बहुधा ते दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे असलेले लिंग असते: सस्तन प्राण्यांत नर, पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. सिक्लिडमध्ये लिंग ठरण्याची पद्धत जातीगणिक बदलते, म्हणून हा नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण दुसरे कारण प्राण्यांत बऱ्याच ठिकाणी दिसते. शुक्राणू बनताना जुळणी फसलेली पेशी काटेकोरपणे बाद केली जाते, अंडे बनताना तपासणी तुलनेने ढिली असते. ब्लड पॅरटच्या माद्या दुसऱ्या जातीच्या सुफल नराबरोबर पिल्ले देतात, आणि बाजारातला ‘जेलीबीन पॅरट’ हा अशाच, कन्व्हिक्ट सिक्लिडबरोबरच्या संकरातून आला आहे. म्हणजे पिढीचा दोर तुटतो तो नराच्या बाजूला.

‘संकर म्हणजे वांझ’ असे मात्र धरू नका. कोकण कपिला आणि जर्सी यांची कालवड विते, कारण दोघींची 60 गुणसूत्रे आणि दोन्ही एकाच घरातल्या. झाडांतही तेच. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आंबा झाला, आणि पुढे रत्ना आणि हापूस यांच्याच संकरातून सिंधू. पहिला संकर वांझ असता तर सिंधू झालाच नसता. प्रश्न घरे किती दूर गेली आहेत याचा असतो.

तुमच्याकडे जोडी आधीच असेल तर दोष कुठे आहे ते घरी तपासता येते. पहिली तपासणी लिंगाची, कारण ‘जोडी’ म्हणून दोन माद्या मिळणे सर्रास आहे. अंडी घालण्याच्या आदल्या दिवशी पोटाखालची नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट. दोघांच्याही नळ्या बोथट असतील आणि कौलावर नेहमीपेक्षा दुप्पट अंडी दिसली, तर दोन्ही माद्या आहेत. मग पिल्ले न होण्याला जनुकशास्त्र लागतच नाही.

दुसरी तपासणी सूक्ष्मदर्शकाची. शाळेच्या प्रयोगशाळेतला 40 पट दाखवणाराही पुरतो. अंडी घातल्यापासून सहा तासांनी दोन-तीन अंडी ब्लेडने अलगद सोडवून काचेवर थेंबभर पाण्यात घ्या. फळलेल्या अंड्याच्या एका टोकाला पेशींचा पुंजका दिसतो, बारीक तुतीसारखा. न फळलेल्या अंड्यातही पाण्याचा स्पर्श होताच एक गुळगुळीत फुगवटा येतो, पण तो विभागत नाही. घाई करून तासाभरात पाहिले तर हा फुगवटाच फळल्याची खूण वाटतो. ही चूक फार जण करतात, म्हणून सहा तास थांबा.

तिसरी तपासणी पाण्याची. कौलाचा अर्धा भाग अंड्यांसह 10 लिटरच्या टबात हलवा, पाणी त्याच टाकीतले, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) मंद आणि अंड्यांपासून दूर. मिथिलीन ब्लूचे 1 टक्क्याचे द्रावण असेल तर 2 मिलि पुरे. अंधार ठेवा, कारण उजेडात ते औषध उतरते. 28 अंशांना सुफल अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, आणि दुसऱ्या दिवशीच आत हलणारी शेपटी दिसते. टबातलीही सगळी पांढरी पडली तर आई-बाप किंवा बुरशी दोषी नाहीत, अंडी फळलीच नव्हती. काही फळून मधेच मेली तर मात्र पाणी तपासा. पालिकेच्या नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढले का, पीएच किती, रात्री वीज गेली होती का.

चौथी आणि निर्णायक तपासणी म्हणजे त्याच मादीबरोबर सुफल कन्व्हिक्ट नर ठेवणे. पिल्ले झाली तर मादी आणि पाणी दोन्ही निर्दोष ठरतात. पण नुसत्या कुतूहलापोटी हे करू नका. होणाऱ्या शेकडो मिश्र पिल्लांना जागा लागते, आणि ती विकली-वाटली की ओळख नसलेले मासे बाजारात फिरतात.

एक सल्ला दुकानात ऐकू येतो तो घातक आहे: ‘वांझच आहे, नको झाला तर विहिरीत सोडा.’ सोडू नका. वांझ मासाही दहा वर्षे खातो, विहिरीतले स्थानिक छोटे मासे आणि बेडकांची पिल्ले संपवतो. माद्या वांझ नसतात, आणि पावसात भरलेली विहीर पऱ्ह्याला मिळाली की तो मासा वहाळात पोचतो. नको असेल तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

जोडी घ्यायचीच असेल तर दुकानदाराला एकच विचारा: याच दोन माशांची पोहणारी पिल्ले दाखवता का? अंड्यांचा फोटो पुरावा नाही. अंडी फुटल्यावर पिल्ले चार-पाच दिवस आई-बापांनी तळाशी केलेल्या खड्ड्यात वळवळतात आणि मग पोहू लागतात. त्या टप्प्याचा व्हिडिओ असेल, त्यात हेच दोन मासे राखण करताना दिसत असतील, तर चढा दर योग्य. काही थोडे नर सुफल असतात, त्यामुळे अशी जोडी अशक्य नाही, पण चिठ्ठीवरून ती ओळखता येत नाही.

आणि पिल्ले वाढवण्याचीच हौस असेल तर सिक्लिड शोधायला तैवानपर्यंत जावे लागत नाही. आपल्या खाडीतले कालुंदर हे सिक्लिडच, भारतातल्या मोजक्या देशी सिक्लिडपैकी एक. संकर नाही, शुद्ध जात, नर-मादी दोघे मिळून अंडी आणि पिल्ले राखतात. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातले मासे गोड्या पाण्यात आणताना आठवडाभर रोज थोडे थोडे मीठ कमी करा. झाडे असलेल्या टाकीत ठेवू नका, पाने खातात. मोठी तयार जोडी आणू नका, वाहतुकीच्या धक्क्याने ती बहुधा फुटते. बोटभर लांबीचे सहा-आठ आणा, 5 फुटी टाकीत जांभ्याचे दोन-तीन सपाट तुकडे ठेवून एकत्र वाढवा आणि जोडी त्यांची त्यांना लावू द्या. जोडी लागली की बाकीचे लगेच वेगळे काढा, नाहीतर कोपऱ्यात रेटून त्यांचे खवले उडवले जातात.